ओट्याखालची बाळंतीण

बिल्डिंगमध्ये त्यांना सगळे फिनेलबाई म्हणत आणि बाईंना त्याचा अभिमानच होता. अशा बाईच्या ओट्याखाली उंदीर निघावा, म्हणजे नाकच कापलं की! त्यात लेकीने फोनवर बजावलेलं, "आई, उंदीर गेल्याशिवाय मी बाळाला आणणार नाही." नातीचं तोंड बाईंनी अजून फोटोतच पाहिलं होतं.

पिंजरा आणला. उंदीर त्याच्या आसपास लेंड्या टाकून जाई, आत काही शिरेना. त्याच्या अंगाच्या मळाचा काळा, तेलकट पट्टा भिंतीच्या कडेने उमटला होता. शी! बाई रोज नाक मुरडत पिंजरा फिनेलने घासायच्या.

"अगं, तू त्याला रोज नवा पिंजरा दाखवतेस," नवरा म्हणाला. "नव्या वस्तूला तो बिचकतो. राहू दे तसाच घाण."

पण नातीसाठी बाईंनी हात आवरला. उंदीर पिंजऱ्यावर चढला, मुतला, पिंजऱ्याला त्याचाच वास लागला आणि एका सकाळी स्वारी आत.

नवऱ्याने बुडवायला बादली भरली. पिंजरा उचलताच उंदराचं पोट दिसलं. थानं लोंबत होती, ओली.

"अहो, थांबा! ही व्यालेली आहे. पिल्लं ओट्यामागे असणार. ती मरतील, कुजतील, आणि त्या वासात माझी नात निजणार?"

"सोडू या. जागा धोक्यात आली की ती पिल्लं हलवते. दार उघडं ठेवू, बाहेर नेईल."

दयामाया काही नव्हती, बाईंना नुसती किळस येत होती. पिंजरा उघडला तशी उंदरीण सुळकन ओट्यामागे गेली. नवरा लाटण्याने ओटा बडवू लागला. मग ती निघाली. तोंडात गुलाबी, बिनकेसाचं, वळवळणारं पिल्लू.

उघड्या दाराकडे तिने पाहिलंही नाही. भिंत धरून ती सरळ आतल्या खोलीत शिरली, लेकीसाठी आवरलेल्या, पाळणा मांडलेल्या, ऊबदार खोलीत. पुन्हा आली, दुसरं नेलं. मग तिसरं. बाई तोंड दाबून स्टुलावर उभ्या होत्या, आणि ती भवानी त्यांच्या समोरून खुशाल ये-जा करत होती.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. "आई, गेला का गं? परवाची तिकिटं काढतेय."

एक 'हो' म्हटलं की नात परवा मांडीवर. बाईंच्या जिभेवर तो शब्द आला होता.

"नाही गेला. तुझ्याच खोलीत पिल्लं आहेत," बाई म्हणाल्या. "आणू नकोस तिला."

फोन ठेवून त्या बेसिनपाशी गेल्या, भडभडून ओकल्या, आणि मग तिथेच उभ्या राहून रडल्या.