तिसरी पाळी

थोरली जाऊ बैठकीला निघाली तेव्हा तिची लेक बाबी जिन्याच्या तळाशी उभी होती. मान वर, मास्क हनुवटीखाली, आणि तोंड चालू. वरच्या मजल्यावर धाकटी जाऊ कठड्याला रेलली होती. धाकटी हॉस्पिटलात नर्स. नुकतीच ड्यूटी संपवून, आंघोळ करून, ओले केस पुसत बाहेर आली होती. दोघींचं काय चाललं होतं, तर पांढरे मोजे गरम पाण्यात धुवावेत की गार. एवढ्याशा गोष्टीवर बाबी खुदुखुदू हसत होती. थोरलीनं चपला घालताघालता सगळं ऐकलं. आईशी बोलताना ह्या पोरीच्या तोंडून 'हं' आणि 'बरं' यापलीकडे शब्द फुटत नाही, आणि काकू दिसली की लगेच कंठ फुटतो, असं तिच्या मनात आलं, आणि सकाळीसकाळीच तिच्या पोटात दुखायला लागलं. या दुखण्याला औषध नाही हे वाचकांना वेगळं सांगायला नको.

जावाजावा उभा दावा, असं म्हणतात. पण या घरात आधी तसं काही नव्हतं. थोरली शाळेत शिक्षिका, शिकलेली, नीटनेटकी, चारचौघांत बोलणारी. घरात आणि गल्लीत तिचा शब्द चालायचा. धाकटी नंतर आली, जरा अघळपघळ, हसरी, मीठ कुठे ठेवलं हे रोज विसरणारी. तोवर थोरलीला तिच्यावर माया करणं सोपं होतं. मग हा रोग आला. शाळांना कुलूप लागलं आणि शिक्षिका घरात बसली. हॉस्पिटलं भरली आणि नर्स घराबाहेर पडली. गल्लीतली माणसं थोरलीला अडवून विचारू लागली, तुमच्या धाकट्या कशा आहेत हो, किती करतात हो, माणूस नव्हे देवच. हीच माणसं धाकटी समोरून आली की रस्ता बदलत, दूधवाला पातेल्यात लांबून धार सोडी, ती गोष्ट वेगळी. देव म्हणायचं आणि दारात उभं करायचं नाही, ही आपली जुनीच रीत आहे.

घरातही तेच झालं. रोगाची पहिली बातमी आली आणि थोरलीनं धाकटीची चूल वर मांडून दिली. ताटं वेगळी, नळ वेगळा, कपडे वाळत घालायची दोरी वेगळी. मोठा भाऊ, म्हणजे थोरलीचा नवरा, मूग गिळून बसला. धाकटा कामासाठी दूर देशी होता आणि तिथेच अडकला होता. धाकटीच उलट म्हणाली, बरोबर आहे ताई, तुम्हाला काही व्हायला नको. तिची पोरगी चिंगी, सात वर्षांची, आईच्या ड्यूटीच्या वेळी वरच्या खोलीत एकटी राहू लागली. शाळा बंद झाली तेव्हा तिला नुकतंच वाचता येऊ लागलं होतं. आता ती 'ख' दिसला की 'र' आणि 'व' असं सुटंसुटं वाचायची. पुस्तकातल्या 'खार'ची 'रवार' व्हायची. शाळा उघडणार असं कळल्यापासून दप्तर पाठीला लावूनच ती जेवायला बसत होती.

तर थोरली बैठकीला गेली. त्या भागातल्या सगळ्या शाळा पुन्हा कशा उघडाव्यात हे ठरवायला शिक्षणाधिकारी साहेबांनी समिती नेमली होती, आणि शिक्षकांच्या वतीनं थोरली तिच्यात होती. बैठका म्हणजे काय विचारता. बाकांमधलं अंतर मोजलं गेलं. खिडक्या रंगानं चिकटून बसल्यात, त्या उघडायच्या कशा यावर चर्चा झाली. बसमध्ये एकाआड एक मूल बसवलं तर उरलेल्यांना कोण आणणार, यावर बसवाला आणि साहेब यांची जुंपली. शेवटी ठरलं की निम्मी मुलं सकाळपाळीला, निम्मी दुपारपाळीला. काम चोख चाललं होतं, आणि खरं सांगायचं तर थोरली त्यात सगळ्यांत हुशार होती. तिच्या सूचना लोक लिहून घेत होते. बऱ्याच दिवसांनी तिला आपण कोणीतरी आहोत असं वाटत होतं.

चहा आला, आणि साहेब सहज तिच्याकडे वळून म्हणाले, "बाई, त्या हॉस्पिटलातल्या सिस्टर तुमच्या जाऊबाई ना? आमच्या मेव्हण्याला त्यांनीच वाचवलं. त्यांना आमचा नमस्कार सांगा."

एवढंच. साहेबांच्या मनात काही नव्हतं. पण थोरलीला तो चहा कडू लागला. आपण इथे घसा कोरडा करतोय आणि नमस्कार तिला. सकाळचं ते खुदुखुदू हसणं पुन्हा कानात वाजलं. आणि चहाचा कप खाली ठेवताठेवता ती अगदी शांतपणे, शिक्षिकेच्या आवाजात बोलून गेली की, ज्या घरात हॉस्पिटलात काम करणारं माणूस आहे, त्या घरातल्या मुलांचा वेगळा विचार करायला हवा. त्यांच्यासाठी तिसरी पाळी असावी.

खोलीतल्या प्रत्येकाच्या मनात ही भीती होतीच, पण मांजरीच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी? ती बाईंनी बांधली. तिच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी लगेच री ओढली. बसवाल्यानं मान डोलावली. समितीत एक डॉक्टरीणबाईही होत्या. त्या म्हणाल्या, आमची माणसं पोशाख बदलून, अंग धुऊन घरी जातात, काळजी करायची तर बाजारातल्या गर्दीची करा. त्यांचं बोलणं आदरानं ऐकून घेण्यात आलं आणि सोडून देण्यात आलं. तिसऱ्या पाळीची वेळ काय, असं कोणीतरी विचारलं. मागाहून कळवू, असं साहेब म्हणाले. म्हणजे तिसरी पाळी नावाचीच होती. वेळ नसलेली पाळी म्हणजे घरी बसणं, हे थोरलीला त्याच क्षणी कळत होतं. चिंगीचा चेहराही तिच्या डोळ्यांसमोर आला. पण धाकटीचं नाक एकदा खाली व्हावं, ही इच्छा त्या चेहऱ्याहून मोठी निघाली. मत्सर असाच असतो. त्याला लहान मूल दिसत नाही.

शाळा उघडली त्या दिवशी फाटकापाशी ही गर्दी. शिपाई एकेकाच्या कपाळासमोर यंत्र धरत होता, आणि शेजारी मुख्याध्यापक प्रत्येक मुलाला विचारत होते, घरातलं कोणी हॉस्पिटलात काम करतं का? हो म्हणणाऱ्याला बाजूला, भिंतीकडे उभं करत होते. धाकटी चिंगीचा हात धरून आली. चिंगीनं न विचारताच अभिमानानं सांगून टाकलं की माझी आई नर्स आहे, आणि भिंतीकडच्या मुलांत तिची भर पडली. आपल्याला बक्षीस मिळणार असं तिला वाटत होतं.

पाठोपाठ बाबी होती. मुख्याध्यापकांनी बाईंची लेक म्हणून न विचारताच तिला जाऊ द्यायला हात वर केला, पण बाबी थांबली आणि म्हणाली की मलाही विचारा. त्यांना विचारावं लागलं. ती म्हणाली, "हो. माझी काकू."

थोरली आत व्हरांड्यात मुलांना हात धुवायला लावत होती. ती धावत आली. हात दाखवून अवलक्षण कसं होतं ते तिला तिथे कळलं. नियम करताना तिनं 'घर' हा शब्द वापरला होता, आणि तिच्या मनातलं घर जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी संपत होतं. बाबीला कोणी अडवेल हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"सर, त्यांचं घर वेगळं आहे," ती धापा टाकत म्हणाली. "चूल वेगळी, नळ वेगळा. आमचा काही संबंध नाही."

मुख्याध्यापकांना हायसं वाटलं. मग प्रश्नच मिटला, ते म्हणाले, नियम बाईंनीच सुचवलाय, तेव्हा घर कशाला म्हणायचं ते बाईंनाच ठाऊक.

धाकटी दोन हात अंतरावर उभी होती. तिनं दोन्ही वाक्यं ऐकली. ती रागावली असती तर थोरलीला बरं वाटलं असतं, भांडायला तरी काही मिळालं असतं. धाकटी नुसतं म्हणाली, "मला वाटलं हा नियम साहेबांनी केला असेल." मग तिनं विचारलं, "ताई, तिसऱ्या पाळीची वेळ काय आहे? म्हणजे मला त्याप्रमाणे ड्यूटी मागून घेता येईल."

थोरलीनं बाबीचा दंड धरला आणि आत चल म्हणाली. बाबी हलली नाही.

"चूल तू वेगळी केलीस, आई," ती म्हणाली. "घर नाही. चिंगी ज्या पाळीला जाईल त्या पाळीला मी जाईन."

आणि तेरा वर्षांची ती पोर भिंतीकडे जाऊन चिंगीच्या शेजारी उभी राहिली. फाटकातली माणसं बघत होती. थोरलीला लाज वाटली का? वाटली, पण ती नंतर. आधी वाटला तो जळफळाटच. माझी पोरगी माझ्या शाळेच्या दारात, माझ्या देखत, तिची झाली.

त्या दिवसापासून बाबी शाळेत न जाता सकाळीच वर जाऊन बसू लागली. थोरली शाळेतून परत यायची तेव्हा वरून आवाज यायचे. एकदा ती जिन्याखाली कपड्यांच्या घड्या घालत होती आणि वर चिंगी वाचत होती. "रवार झाडावर चढली." बाबी सांगत होती की अगं ते एकच अक्षर आहे. चिंगी पुन्हा म्हणाली, रवार. मग तिनं पुस्तक बाजूला टाकलं असावं, कारण ती म्हणाली की जाऊ दे, आपल्याला कुठे शाळेत घेणारेत.

थोरलीच्या हातातली घडी तशीच राहिली. हीच पोर गेल्या वर्षी थोरलीच्याच मांडीवर बसून खारीचा धडा बोट ठेवून नीट वाचत होती. घरात, गल्लीत थोरली कशीही वागली असेल ते असो, पण ती हाडाची शिक्षिका होती, आणि वाचता येणारं मूल तिच्या हातानं वाचेनासं झालं होतं. हे तिला धाकटीच्या हसण्याहून जास्त बोचलं. ती तिथेच पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली.

पुढच्या बैठकीत तिनं तिसरी पाळी रद्द करा असं सांगितलं. साहेबांनी विचारलं, का बाई, तेव्हा तर तुम्हीच म्हणत होतात. काही नवीन कळलंय का?

"नवीन काही नाही," थोरली म्हणाली. "तेव्हाही धोका नव्हता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. मला माझ्या जावेचा हेवा वाटला, आणि मी त्याला नियमाचे कपडे घातले."

खोलीत कोणी हसलं नाही की कोणी रागावलं नाही. सगळे आपापल्या कागदांत बघू लागले. मग मुख्याध्यापक समजुतीच्या सुरात म्हणाले की बाई, तुमचं काही का असेना, नियम चांगलाच आहे, पालक खूश आहेत. बसवाल्यालाही मुलं कमी झालेली सोयीचीच होती. मत घेतलं गेलं. थोरली आणि डॉक्टरीणबाई एका बाजूला, बाकी सगळे दुसऱ्या. भीती पेरायला एक तोंड पुरतं, पण उपटायला त्याच तोंडाचं कोणी ऐकत नाही.

"ठीक आहे," थोरली उठून उभी राहिली. "मग तिसऱ्या पाळीला वेळ द्या. पाळी म्हटलंय ना, तिला वेळ पाहिजे. दुपारपाळी सुटली की मैदान रिकामं असतं. मी शिकवते. आणि दर बैठकीला येऊन हा नियम काढा म्हणून सांगत राहीन, तुम्हाला कंटाळा येईपर्यंत."

वेळ द्यायला मात्र कोणाला नाही म्हणता आलं नाही.

संध्याकाळच्या उन्हात मैदानाच्या कडेला मुलं बसली. हॉस्पिटलात लादी पुसणाऱ्या बाईचे दोघे जुळे, रुग्णवाहिका चालवणाऱ्याची मुलगी, तिथल्या धुलाईघरातल्या बाईचा मुलगा, शिवाय आणखी कितीतरी. बाबी मागे बसली होती. ती आईशी अजून धड बोलत नव्हती. धाकटी चिंगीला सोडायला आली, तशी बाबी उठून पळत तिच्याकडे गेली आणि दोघी फाटकापाशी काहीतरी बोलून हसल्या. थोरलीच्या पोटात पुन्हा कळ आली. ते दुखणं गेलं नव्हतं. थोरलीनं फाटकाकडे पाहिलं, आणि खडू उचलून फळ्यावर मोठा 'ख' काढला.

चिंगी पहिल्या रांगेत होती. तिनं हात वर केला. "मोठी आई, आम्हाला तिसरी पाळी का?"

साहेबांचा नियम आहे, असं म्हणता आलं असतं. थोरली तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. "तुझ्या आईचा मला हेवा वाटला म्हणून," ती म्हणाली. "सगळे तिला चांगलं म्हणत होते. मला ते बघवलं नाही."

चिंगीनं मागे वळून जुळ्यांकडे, त्या मुलीकडे, धुलाईघरातल्या मुलाकडे पाहिलं.

"आणि यांच्या आईबाबांचापण?"

"नाही," थोरली म्हणाली. "यांची तर मला नावंही माहीत नव्हती."

मग ती उठली, आणि पहिल्या मुलापाशी जाऊन तिनं त्याचं नाव विचारलं.