नावापुढचं शून्य

मी एक आकडा बोलतोय. शून्य. हसू नका, माझ्या भरवशावर एक अख्खा वॉर्ड झोपतो.

माझा जन्म घाईतला. रुग्णाची नाडी खाटेजवळच्या स्क्रीनवर आणि परिचारिकेच्या टेबलावर पाठवणारा एक प्रोग्राम होता. तो लिहिला एका संगणक-प्रणालीसाठी आणि इस्पितळात निघाली भलतीच, फारशी कुणी न वापरणारी. प्रोग्राममध्ये एक नाव होतं. त्याचा अर्थ, 'ऐकणारा, म्हणजे तू नाडी पाठवतोस तो एखादा स्क्रीन, मध्येच निघून गेला, तरी तू बंद पडू नकोस.' नव्या प्रणालीला ते नावच ठाऊक नव्हतं. प्रोग्राम तयार होईना.

"त्याच्यापुढे शून्य ठेव," साहेब म्हणाले.

"पण सर, ते नाव काय काम करत होतं, ते तरी बघते ना," प्रोग्राम लिहिणारी म्हणाली.

"अगं, उद्या बसवायचंय. चालतंय ना? मग झालं तर!"

चाललं. शून्य म्हणजे काहीच सांगायचं नाही. तेच काम करायची दुसरी सोय त्या प्रणालीत होती, पण शोधायला सवड कुणाला? कुरकुर थांबली की माणसांना वाटतं, दुखणं बरं झालं.

एका दुपारी खाटेवरच्या आजोबांच्या डोळ्यांवर उजेड येत होता, म्हणून परिचारिकेने जवळचा स्क्रीन बंद केला. "पडा जरा निवांत, आजोबा." ऐकणारा गेला आणि प्रोग्राम जागच्या जागी मेला. तिच्या टेबलावरच्या स्क्रीनवर मात्र नाडीची शेवटची हिरवी रेघ तशीच राहिली. आजी उशाशी बसल्या होत्या. "आत्ताच डोळा लागलाय," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला हळूच सांगत होत्या. आजोबांची नाडी थांबली, पण धोक्याची घंटा वाजलीच नाही. मी ओरडलो असतो, पण मला तोंड कुठे आहे?

ठपका परिचारिकेवर आला, तिला घरी बसवलं. प्रोग्राम लिहिणारीने मला शोधून काढलं. "सर, हे मी आत्ता काढते."

"हात लावू नकोस! आता बदललंस तर चूक आपली होती, हे कबूल केल्यासारखं होईल."

तिने हात मागे घेतला. मला तिचा राग येतो, कीवही येते.

म्हणून मी अजून इथेच आहे. त्या खाटेवर आता एक बाई आहेत. त्यांचा मुलगा टेबलावरची हिरवी रेघ बघतो आणि निर्धास्तपणे पाय मोकळे करायला खाली जातो. बाबा रे, माझं एवढं ऐक. रेघेकडे बघू नकोस, आईकडे बघ.