कमरेचं माप

पंचवीस वर्षं मी शिलाई मशीनवर बसून आहे. पोट आत ओढून माप देणाऱ्या बायकांना मी चांगलंच झापते. स्वतःच्या पोटाकडे बघायला मात्र मला कधी सवड झाली नाही.

मग धाकट्या भावाचं यकृत निकामी झालं. कुणाच्या तरी यकृताचा तुकडा हवा होता आणि घरात रक्तगट जुळला तो फक्त माझा. मी एका पायावर तयार होते, पण डॉक्टरीणबाईंनी सरळ नाही म्हटलं. माझ्याच यकृतात चरबी साठलेली. पोटाच्या आतली चरबी साखर वाढवते, हृदयालाही सोडत नाही, असं त्यांनी समजावलं. भावाच्या हातात फार तर चार महिने होते. मला स्वतःचाच असा संताप आला की विचारू नका.

दुसऱ्याच दिवशी इमारतीचा जिना धरला. चार मजले, आधी तीनदा, मग दहादा, मग पंधरादा. गुडघे बोंब मारायचे. तिसऱ्या मजल्यावरचे काका दार उघडून विचारायचे, काही हरवलंय का. अक्कल हरवली होती, ती शोधतेय, असं सांगून मी पुढे चढायचे. तळलेलं आणि गोड तर केव्हाच बंद केलं होतं.

दोन महिन्यांनी काट्यावर उभी राहिले. वजन उतरलं होतं फक्त दीड किलो. मी पायरीवर बसून ढसाढसा रडले. भावजय माझी टेप घेऊन आली आणि तिनं मला उभं केलं. माझं पोट आपोआप आत गेलं.

"ताई, श्वास सोडा," ती म्हणाली.

सोडला. जिना धरला त्या दिवशी घेतलेल्या मापापेक्षा कंबर चार इंचांनी कमी भरली. आम्ही पुन्हा मोजलं, तरी चारच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, व्यायामानं आतली चरबी जाते, काट्याला त्याचा पत्ताही लागत नाही. मी आणखी महिनाभर जिने तुडवले. मग पुन्हा तपासणी झाली आणि त्यांनी ऑपरेशनची तारीखच दिली.

आदल्या दिवशी भाऊ अडून बसला. ताईला काही झालं तर, म्हणून तो नको म्हणत होता.

"गप पड," मी म्हटलं. "एवढा घाम गाळून तयार केलाय. आता मुकाट्यानं घे."

ऑपरेशननंतर बाराव्या दिवशी मला त्याच्या खोलीत नेलं. डोळ्यांतला पिवळेपणा गेला होता आणि जेवण कमी दिलं म्हणून तो नर्सशी भांडत होता. हसताना माझे टाके ओढले जात होते, तरी मी हसतच राहिले.