छातीच्या उंचीवर

पृथ्वी वाचवण्याच्या महान कार्याला आपल्या जंगलातून प्रारंभ होत आहे, असं साहेबांनी जाहीर केलं आणि ते ज्या स्टुलावर उभे होते त्याचा एक पाय चिखलात गेला. राखणदाराने काखेत हात घालून त्यांना सावरलं. पृथ्वी थोडी थांबली.

योजना सोपी होती. झाडं हवेतला कार्बन पोटात साठवतात. तेव्हा तोड बंद, झाडं जाड होऊ द्यायची. निवडक झाडांना छातीच्या उंचीवर पांढरा पट्टा मारायचा आणि दर वर्षी तिथेच टेप लावून घेर मोजायचा. पट्ट्याच्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही. निवड राखणदाराकडे आली. त्याने पहिला पट्टा मारला तो आपल्या खोलीमागच्या झाडाला. पायपीट नको, चहा पिता पिता मोजता येईल. या हुशारीवर तो बरेच दिवस खूश होता.

पुढे झाड खोलीकडे कललं. बायको म्हणाली, "अहो, हे उतरवून घ्या. कुरकुरतं हो ते."

त्याने साहेबांना विचारलं. साहेबांनी मायेने समजावलं, की सगळ्यात जास्त कार्बन त्याच झाडात आहे. ते गेलं तर सगळी बेरीज कोसळेल. खोली बदलून मागितली, तर मंजुरीला वेळ लागेल म्हणाले.

गुडघ्यांमुळे अंथरुणाला खिळलेली बायको हे ऐकून छताकडे बघत राहिली. "मग मलाही एक पट्टा मारा," ती म्हणाली. "निदान माझ्या केसाला धक्का लागणार नाही."

दोघंही हसली.

वादळ आलं तेव्हा तो गस्तीवर होता. परतला तर खोलीवर झाड होतं. खोड कापायला परवानगी लागली असती, म्हणून माणसांनी भिंत फोडून तिला बाहेर काढलं. उशीर झाला होता.

काही दिवसांनी साहेब आले. टोपी काढून हातात धरली. डोळे खरोखरच ओले होते. मग हळूच म्हणाले, की पडलेलं खोडही कार्बन धरून ठेवतं, तेव्हा ते कुजेपर्यंत इथेच राहील. नवी खोली मंजूर झाली आहे. मोजणीचं मात्र आज मनावर घेऊ नका.

"आलाच आहात तर करून टाकू," राखणदार म्हणाला.

पट्टा नेमका खाटेच्या उशाशी आला होता. पट्टा मारताना हात सफाईदार फिरला होता त्याचा, रंग कुठे ओघळला नव्हता. खोडाखाली जेमतेम माणूस सरपटेल एवढी फट होती. त्याने खिशातून टेप काढला, गुडघे टेकले आणि टेपचं टोक वर केलं.

"एवढं धरा, साहेब. मी आतून ओवून आणतो."