बुधवारची फुंकर

बुधवार उजाडला की पार्लरमध्ये गिऱ्हाइकं कमी आणि भाविकच जास्त! आरशासमोरच्या खुर्चीत खुद्द पार्लरवाली बसलेली, डोक्यावर हे एवढं टेंगूळ. नवी ब्लीच पावडर तिनं आधी स्वतःच्याच केसांना लावून पाहिली होती. डोक्याची कातडी भाजली. जखम भरली, पण तिथं टक्कल राहिलं ते राहिलंच. टकलीकडून केस कोण कापून घेणार?

"फूऽऽ!" आत्यानं दर बुधवारी बोलावलेल्या फुंकरबुवांनी टेंगळावर फुंकर मारली. "शक्ती साठतेय, शक्ती! चाकू लागला तर निसटलीच समजा."

"ऐकलंस?" आत्या म्हणाली. "शुक्रवारचं ऑपरेशन रद्द!"

आईमागं आत्यानंच पार्लरवालीला वाढवलं होतं, तिचा शब्द मोडणं जिवावर यायचं. पण ऑपरेशन राहिलं तर दुकानाला कुलूपच लागणार होतं.

टेंगूळ वाढत होतं, हे मात्र खरं. आत्यानं विणलेली टोपी दर बुधवारी घट्ट व्हायची आणि आत्या मोठ्या भक्तिभावानं ती उसवून सैल करायची.

"वाढलं! बोटभर वाढलं!" बुवा गरजले. सगळ्यांनी हात जोडले.

"आत्या, माझ्या डोक्यावर टोपी घाल बघू," पार्लरवाली म्हणाली.

मागच्या बुधवारी सैल केलेली टोपी न उसवताच अलगद बसली. आत्या बघतच राहिली.

"शंभरदा सांगितलं तुला, आत फुगा आहे फुगा! डॉक्टरांनी चांगल्या कातडीखाली ठेवलाय. दर मंगळवारी सुईनं त्यात मिठाचं पाणी भरतात, म्हणून वरची केसांची कातडी ताणून वाढते. शुक्रवारी फुगा काढायचा, टकलाचा डाग कापायचा आणि वाढलेली कातडी तिथं ओढून शिवायची. काल डॉक्टर म्हणाले, आता पुरे. पाणी भरलंच नाही. आज बुवा एकटेच होते, आणि टोपी घट्ट झालीच नाही!"

"कुणाची तरी नजर आडवी आली..." बुवा पुटपुटले.

"थांबा हो!" आत्या कडाडली. "पहिल्याच दिवशी दवाखान्याचा वार विचारलात. मंगळवार म्हटल्यावर बुधवार धरलात, होय ना?"

बुवांनी काढता पाय घेतला.

ऑपरेशन झालं. काही महिन्यांनी पार्लरच्या खुर्चीत आत्या बसली होती. कात्री चालवणारीच्या डोक्यावर डाग शोधूनही सापडत नव्हता.

"बुवा लबाड होता गं," आत्याचे डोळे भरून आले, "पण घरच्या पोरीचं सोडून त्याचं ऐकलं ते मीच."

"मान हलवू नकोस, कान कापला जाईल," पार्लरवाली हसली. मग आरशात बघून म्हणाली, "फुंकर चहावर मारावी, आत्या. भाजलं तर डॉक्टर गाठावा, आणि काही कळलं नाही तर त्यालाच विचारावं."