तारेवरचा पिस्टन

दगडोबाने खताच्या पोत्यातून झाडं कापायची मशीन काढून टेबलावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकून उभा राहिला. डॉक्टरपुढे लेकरू ठेवून आई मागे सरते, तसा. मन्मथअप्पांनी दोरी ओढून पाहिली. दोरी जागची हलली नाही.

कधी झालं, असं अप्पांनी विचारलं. काल झालं, असं तो म्हणाला. शिरूर अनंतपाळकडे एका चिंचेच्या बुडाला मशीन लावली होती, चांगली चालली होती, मग एकदम आवाज चढला आणि जागेवर बसली.

अप्पांनी सायलेन्सर काढला, भोकातून बॅटरीचा उजेड आत टाकला आणि एक डोळा बारीक करून पाहिलं. पिस्टनवर उभे ओरखडे होते. एवढं पाहायला त्यांना आगपेटीची काडी विझायला लागते तेवढाही वेळ लागला नाही. समोरच्या अमृतरावच्या हॉटेलात बाकावर बसलेल्या चारजणांना ऐकू जाईल, अशा आवाजात ते बोलले.

"दगडोबा, बिनाऑइलची चालवली तू."

"न्हाई अप्पा. तुमच्याच मापानं घातलं. लेकराची कसम."

"पिस्टन खोटं बोलत न्हाई."

दगडोबाने मशीनवर हात ठेवला. पन्नाशीचा, वाळक्या अंगाचा माणूस. आठ दिवस मागे लागून त्याने ही मशीन अप्पांकडून विकत नेली होती आणि नेताना तिला हळदकुंकू लावलं होतं. ते अजून हँडलच्या खाचेत दिसत होतं.

चाकूरला लातूर-नांदेड रस्त्याच्या कडेला अप्पांचं पत्र्याचं दुकान आहे. कर्नाटकातल्या कॉफीच्या मळ्यांत झिजून भंगारात निघालेल्या मोठ्या परदेशी चेनसॉ ते वर्षातून दोनदा पोत्यात भरून एसटीने आणत. त्या पार खोलून, धुऊन, नवं सील आणि नवा पिस्टन घालून पुन्हा उभ्या करत आणि विकत. नव्या स्वस्त मशीनला ते खेळणं म्हणत आणि ती घेणाऱ्या माणसालाही फारसा मान देत नसत. उदगीरपासून नायगावपर्यंतचे लाकूडतोडे त्यांच्याकडे यायचे ते मात्र खास शेवटच्या कामासाठी. मशीन फुल रेसवर धरायची, बारीक स्क्रू-ड्रायव्हर कार्बोरेटरला लावायचा, डोळे मिटायचे आणि कानाने पेट्रोलचं माप बसवायचं. मोकळ्या रेसवर मशीन जरा भरल्या घशाने बोलली पाहिजे आणि लाकडात शिरली की घसा मोकळा झाला पाहिजे, असं ते सांगत. तीस वर्षांत कुणी त्यांच्यासमोर मीटर काढला नव्हता. मन्मथअप्पाचा कान म्हटलं की विषय संपायचा.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे तार. या मशीनच्या पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळावं लागतं, तेवढंच पिस्टनला वंगण. ते विसरून किंवा वाचवून जो मशीन जाळेल त्याचा पिस्टन अप्पा दुकानाच्या दारावरच्या तारेला टांगत आणि त्याखाली पत्र्याचा तुकडा लावून त्यावर ऑइलपेंटने त्याचं नाव घालत. लोक चहा पिता पिता नावं वाचत, हसत. पण लाकूडतोड्यांचे मुकादमही येऊन वाचत आणि तारेवरच्या माणसाच्या हातात मशीन देत नसत. दहा वर्षांत चार पिस्टन लागले होते. गेल्या चार महिन्यांत दोन लागले. हा तिसरा.

त्या दिवशी दगडोबा गेल्यावर अप्पांनी सिलिंडर काढला आणि पिस्टन हातात घेऊन फिरवला. बिनाऑइलचा पिस्टन चारी बाजूंनी खरडतो. हा एकाच बाजूने, सायलेन्सरच्या अंगाने खरडला होता. तसं पेट्रोल कमी पडल्यावर होतं. अप्पांना हे कळत नव्हतं असं नाही, त्यांनीच हे कितीजणांना शिकवलं होतं. पण चारजणांत बोलून झालं होतं. बोललेलं परत घ्यायची त्यांना सवय नव्हती आणि सवय नसलेली गोष्ट साठीला कोण शिकतं. त्यांनी पिस्टन तारेला लावला. नाव घालताना 'दगडोबा'मधला 'ड' जरा वाकडा आला, तो पुसून नीट केला.

पण एका बाजूचे ते ओरखडे त्यांना जेवू देईनात. पंधरा दिवसांनी त्यांनी निकाल लावला की पिस्टनच हलक्या प्रतीचा आहे. तिन्ही पिस्टन नांदेडच्या पार्टवाल्या रविकिरणकडून आणले होते. त्यांनी तिन्ही तारेवरून काढून पिशवीत घातले, नुकतीच बसवलेली एक मशीन सोबत घेतली आणि त्याला चार शब्द सुनावायला नांदेड गाठलं.

रविकिरण पोरसवदा पण धंद्यात मुरलेला. त्याने सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं. त्याच डब्यातले बाकीचे पिस्टन कुणाकडूनच परत आले नाहीत, असं हळूच सांगितलं आणि सोबतची मशीन चालू करून दाखवायला सांगितलं. अप्पांनी ती दारात नेऊन चालू केली आणि फुल रेस दिली.

गिऱ्हाइकांनी कानांवर हात ठेवले. शेजारच्या दुकानातून एकजण काय झालं म्हणून बाहेर आला. अप्पा मात्र डोळे मिटून उभे होते. त्यांना वाटत होतं की किती दिवसांनी मशीन अशी गोड लागली.

रविकिरणने वायरवर फेरे मोजायचा छोटा मीटर धरला. मिनिटाला पंधरा हजार फेरे. या मशीनची हद्द साडेतेरा. मीटर खराब आहे, असं अप्पा म्हणाले. मग रविकिरणने आपल्या माणसाने बसवलेली तशीच एक मशीन लावली. तिचा काटा हद्दीत राहिला. अप्पांना ती मशीन आजारी वाटली, सर्दी झालेल्या माणसासारखी. स्क्रू आवळायला त्यांचा हात आपोआप पुढे गेला. रविकिरणने तो धरला.

"काका, तुमची मशीन किंचाळून राहिली. तुमाला ऐकू येत न्हाई का?"

त्याने हे अगदी हळू विचारलं. तेवढं मात्र त्यांना ऐकू आलं.

मशीनच्या आवाजाला वर एक बारीक धार असते. ती धार अप्पांच्या कानातून कधी गेली ते त्यांना कळलं नव्हतं. तीस वर्षं कानात बोळा न घालता त्यांनी मशीन ऐकल्या होत्या. ती ओळखीची धार लागेपर्यंत ते स्क्रू आवळत राहिले. ती लागेपर्यंत पेट्रोल कमी झालेलं असे, पेट्रोलबरोबर जाणारं ऑइलही कमी झालेलं असे. चांगल्या मशीन त्यांनीच उपाशी मारल्या होत्या. आणि दगडोबाने तर सांगितलंच होतं, आवाज चढला म्हणून.

परतीच्या एसटीत ते खिडकीला डोकं टेकून बसले. त्यांना लाज वाटत होती आणि लाजेपेक्षा भीती जास्त. दुसरं काही त्यांना येतच नव्हतं.

घरी बायकोला, शिवगंगाबाईंना, त्यांनी सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या, थांबल्या नाहीत. कुकरच्या शिट्ट्या आपणच मोजतो, फोन वाजला की आपणच हाक मारतो, असं दोन वर्षं चाललं आहे, असं त्या म्हणाल्या. मग सांगितलं का नाही, असं अप्पांनी विचारलं.

"सांगितलं असतं तर तुमी मानलं असतं का?"

अप्पांनी ताट पुढे ओढलं, पण जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते दगडोबाच्या गावाला गेले. घरी त्याची बायको केवळाबाई एकटी तुरीच्या शेंगा सोलत होती. तिने त्यांना बसायला पोतं टाकलं. दगडोबा हैदराबादला गेला होता, एका बिल्डिंगवर वॉचमन म्हणून. मुकादमाने तारेवरचं नाव वाचलं होतं. मशीन जाळणारा माणूस म्हणून नाव झालं, मग कुणी मशीन हातात देईना आणि कुऱ्हाडीच्या कामाला आता कोण बोलावतो. तिथे दिवसभर खुर्चीत बसायचं असतं, बघायला एक झाडसुद्धा नाही, असं तो फोनवर सांगतो, असं ती म्हणाली.

अप्पांनी तिला सगळं सांगितलं. ती शेंगा सोलत ऐकत राहिली. मग तिने फोन लावून त्यांच्या हातात दिला. अप्पा मोठ्याने बोलले, गलती माझी होती, कान गेलाय माझा, तुझं ऑइल बरोबर होतं. पलीकडून काही आलं नाही. दगडोबा गप्प आहे की बोलतो आहे, हेच त्यांना समजेना. शेवटी त्यांनी फोन केवळाबाईच्या हातात दिला. तिने कानाला लावला, थोडा वेळ ऐकलं आणि ठेवला.

"म्हनतेत, चार लोकात बोलला हुता, तितंच सांगा म्हना."

यात चुकीचं काहीच नव्हतं. अप्पा दुपारच्या गाडीने चाकूरला परतले आणि थेट अमृतरावच्या हॉटेलात गेले. बाकावर नेहमीचेच चारजण होते. अप्पांनी उभ्यानेच सांगितलं की दगडोबाने मशीन जाळली नाही, आपण जाळली. मीटर, स्क्रू, कान, काही लपवलं नाही.

चौघांनी कप खाली ठेवले. मग एकजण म्हणाला, अप्पाचं मन लई मोठं, गरिबाचं पाप आपल्या डोक्यावर घेतात. दुसऱ्याने मान डोलावली. अप्पांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तेव्हा अमृतरावने त्यांना खांद्याला धरून बसवलं आणि त्यांचा नेहमीचा बिनसाखरेचा चहा दिला.

"अप्पा, तुमचा कान चुकला म्हनून कोन मानंल? तुमीच सांगा."

ज्या नावावर तीस वर्षं धंदा केला, ते नावच आता त्यांचं ऐकेना. मुकादमाला त्यांनी फोन केला. तो हसला आणि पावसाळ्याच्या आधी आपली मशीन तपासून द्या म्हणाला. तारेवर अप्पांनी पिस्टन परत लावले, पण गेल्या चार महिन्यांतल्या त्या तिन्ही पत्र्यांवर स्वतःचं नाव घातलं. येणारेजाणारे ते दुकानाचं नाव समजून वाचत.

त्यानंतर त्यांनी एकही मशीन विकली नाही. स्क्रू लावून घ्यायला आलेल्याही परत पाठवल्या. फक्त दगडोबाची मशीन खोलली. सिलिंडर घासून गुळगुळीत केला, नवा पिस्टन घातला, चेनच्या एकेका दाताला धार दिली. हळदकुंकू होतं ती खाच तेवढी धुतली नाही. हे काम तीन दिवसांचं होतं, त्याला त्यांनी महिना लावला.

मग स्क्रू बसवायचा राहिला. रविकिरणचा मीटर मागवता आला असता. पण तो हातात धरायची त्यांची हिंमत झाली नाही.

दुपारच्या उन्हात ते मशीन घेऊन दुकानाच्या पायरीवर आले. समोर अमृतराव कपबशा विसळत होता. अप्पांनी मशीन चालू केली आणि फुल रेस दिली. अमृतरावचे ओले हात कानांवर गेले. गेली दोन वर्षं तो असंच करायचा आणि अप्पा म्हणायचे, म्हातारा झाला बिचारा. आज त्यांनी डोळे मिटले नाहीत. अमृतरावच्या हातांकडे पाहत त्यांनी स्क्रू पाव फेरा सैल केला. मग आणखी थोडा. मशीनचा घसा त्यांच्या कानाला बसल्यासारखा, आजारी लागला. त्यांनी आणखी थोडा सैल केला.

अमृतरावचे हात खाली आले आणि तो पुन्हा कपबशा विसळू लागला.

अप्पांनी मशीन बंद केली, पुसली आणि खताच्या त्याच पोत्यात घातली. अमृतरावने रस्त्यापलीकडून विचारलं, कुणाची? ते त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून तो हात पुसत जवळ आला.

"दगडोबाची," अप्पा म्हणाले.

"आता तरी ऑइल घालाया सांगा त्याला," अमृतराव म्हणाला.

अप्पांनी पोत्याचं तोंड सुतळीने बांधलं. गाठ सुटू नये म्हणून आणखी एकदा बांधलं.