दुपारी दोनला विहीणबाई

“काका, हे सगळे पाइप कापायला लागतील,” विनीत स्टुलावरूनच म्हणाला. “एक भी सीधा नहीं है. फ्रेम चौकोनी केल्याशिवाय सीलिंग बसणार नाय.”

“कापायचं नाही,” बाळाजी म्हणाला.

विनीतचं उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, फॉल्स सीलिंगचं दुकान. बुवापाड्यातला हा पोटमाळा तो पहिल्यांदाच पाहत होता. बावीस वर्षांपूर्वी बाळाजीनं भंगारातले बॉयलरचे पाइप आणून ते गुडघ्यासारखे वाकवले होते आणि त्यांवर दोन्ही बाजूंनी उतरते पत्रे चढवले होते. दोन पाइपांमधलं अंतर कुठे दीड फूट, कुठे अडीच. चौकोनी केलं, तर उभं राहायला जागा उरली नसती. विनीत मान हलवत निघून गेला.

किर्तीला, बाळाजीच्या मुलीला, सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, आणि घरात खालच्या खोलीखेरीज जागा होती ती या माळ्याचीच. पण बदलापूरहून तिच्या सासूचा, गयाबाईंचा, फोन आला होता.

“त्या भट्टीत सून नी नातवंड ठेवाचा नाय. आयतवारी दुपारी दोनला मी सोता येन, माल्याव बसून बघन. मंग ठरवू.”

बाळाजीनं एकतीस वर्षं केमिकल कंपन्यांत वाफेच्या पाइपांना रॉकवूल, उष्णता अडवणारी दगडी लोकर, गुंडाळलं होतं. “कंपनीच्या पाइपांना स्वेटर घातलेत, नि पोरीला पत्र्याखाली वाढवलंत,” असं त्याची बायको विठा दर उन्हाळ्यात म्हणे.

शुक्रवारी त्यानं स्वतःच काम काढलं. दोन पाइपांमधल्या प्रत्येक गाळ्याच्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद कापला, त्यावरून रॉकवूल कापलं आणि पत्र्याला भिडवून ठासलं. वळचणीच्या फटी बुजवल्या, छपराच्या शेंड्याला, मोभाखाली, होती ती फटही बुजवली. शनिवारी दुपारी विठा वर गेली आणि पाच मिनिटांत घामानं भिजून उतरली.

“अहो, पाइपातली वाफ आत ठेवायची होती. इथली बाहेर काढायचीय ना?”

बाळाजी जिन्यावर बसला. उष्णता बाहेर जाऊ द्यायची नाही, एवढंच तो जन्मभर शिकला होता.

“बरोबर आहे तुझं,” तो म्हणाला आणि रॉकवूल उचकटायला वर गेला.

संध्याकाळपर्यंत त्यानं पाइपांना खालून जाळी बांधली आणि रॉकवूल तिच्यावर अंथरलं. पत्र्याखाली आता दोन इंच मोकळे राहिले. वळचण उघडून तिथे बारीक जाळी लावली. राहिला मोभावरचा पत्रा. गरम हवा वरून निघून जायला तो उचलायचा तर छपरावर चढावं लागणार, आणि त्रेसष्टाव्या वर्षी ते एकट्याचं काम नव्हतं. त्यानं विनीतला फोन केला.

रविवारी सकाळी सहाला विनीत हजर.

“आधी चहा घे रे,” विठा म्हणाली.

“पहिले छत, फिर चाय, काकी.”

दोघांनी मोभाचा पत्रा दोन इंच उचलून बसवला, पाऊस आत येऊ नये म्हणून कडा खाली वळवल्या. ऊन चढल्यावर विनीतनं मोभाच्या फटीशी हात धरला. “काका, इकडे हात लावा. गरम हवा निघतेय! पाइप कापले असते तर पाप लागलं असतं मला.”

“तुझी मजुरी...”

“बारशाला बोलवा. जेवून जाईन.”

बाळाजीनं हात जोडले. विनीत गडबडला आणि चहा न संपवताच निघाला.

बरोबर दोनला गयाबाई आल्या. कठड्याला धरून एकेक पायरी चढल्या. वरच्या गादीवर बसल्या, होडीच्या फासळ्यांसारख्या वाकड्या पाइपांकडे पाहिलं.

“ह्या काय? होरी उलटी घातलीव का डोक्याव?”

“यांनीच बांधलंय, विहीणबाई,” विठा म्हणाली.

“त दिसतंय.” गयाबाईंनी पदरानं वारा घ्यायला हात उचलला, थोडा वेळ तसाच धरला आणि मांडीवर ठेवला. “पानी आन जरा, बाय.”

विठा खाली आली, माठातून तांब्या भरला आणि वर गेली. लगेच भरल्या तांब्यानिशी परतली.

“काय म्हणाल्या?” खाली थांबलेल्या बाळाजीनं विचारलं.

तिनं ओठांवर बोट ठेवलं. वरून घोरण्याचा आवाज येत होता, संथ, एका लयीत.

“घ्या,” तिनं तांब्या त्याच्यापुढे केला. “तुम्हीच प्या.”

रॉकवूलनं लाल झालेल्या हातांनी त्यानं तो घेतला आणि जिन्यापाशी उभ्यानंच, आवाज न करता, सगळं पाणी पिऊन टाकलं.